घरांतील संगणक आणि घरचा हिशेब



सारा जन्म शाळामास्तरकींत घालविलेल्या माणसानें संगणकावर बोलावें, ह्याचें आपणांस नवल वाटेल. मी त्या शास्त्रांतला जाणता नव्हे. केवळ मॅट्रिक झालेला, पेन्शनीवर राहणारा गृहस्थ आहें. परंतु ह्या यंत्रापायीं मीं एकदां पैसा वांचविला आणि एकदां पैसा वांचवितां वांचवितां जें पैशानें मिळत नाहीं तें गमावलें. ह्या दोन्ही गोष्टी आपणांस सांगाव्या, एवढाच आजचा हेतु.

२०१४ सालीं घेतलेला आमचा संगणक २०२२ पर्यंत इतका मंद झाला, कीं तो सुरू करून चहाचें आधण ठेवावें, चहा पिऊन कप विसळावा, तरी पडद्यावरचें चक्र फिरतच असावें! दुकानदार म्हणाला, “मास्तर, हा भंगारांत काढा, पन्नास हजारांत नवा देतों.” मी विसार देण्याच्या बेतांत होतों. इतक्यांत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो दुरुस्तीचा धंदा करतो. त्यानें कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि म्हणाला, “गुरुजी, हें पाहा. प्रोसेसर स्वस्थ बसला आहे, डिस्क मात्र शंभर टक्के गुंतली आहे.” जुन्या हार्ड डिस्कमध्यें चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि एक बारीक दांडी त्यांवर मागेंपुढें सरकून माहिती वेंचते. सारा वेळ जातो तो ह्या धांवपळींत. एस.एस.डी.मध्यें हलणारें कांहींच नसतें. सुमारें दोन हजार रुपयांत त्यानें ती बसवून दिली, आणि तोच संगणक मिनिटाच्या आंत उभा राहूं लागला. दुकानदाराला मी खोटा म्हणत नाहीं. त्याचा धंदा नवा माल विकण्याचा आहे.

लहानसहान दुखणीं तर याहूनहि स्वस्त असतात. घड्याळ रोज चुकूं लागलें, तर बहुधा आंतील सी.आर. २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. यंत्र तापून पंखा घरघरूं लागला, तर धूळ झाडावी. मात्र आधीं विजेची पिन काढावी, आणि फुंकतांना पंखा बोटानें धरून ठेवावा.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ ला टी.पी.एम. २.० लागतें व बरेचसे जुने प्रोसेसर तिला चालत नाहींत. म्हणून धडधाकट यंत्रेंहि अडगळींत निघालीं. आमच्या यंत्रावर मीं लिनक्स मिंट घातलें. तें फुकट मिळतें, आणि कायम बसविण्यापूर्वीं पेनड्राइव्हवरून चालवून पाहतां येतें. ज्यांचें काम विंडोजवांचून अडतें, त्यांनीं मात्र ह्या वाटेस जाऊं नये.

नव्याची खरोखरच गरज असेल, तर कचेऱ्यांतून निघालेले, दुरुस्त केलेले संगणक अवश्य पाहावे. मुंबईस लॅमिंग्टन रस्त्यावर चौकशी करावी. हमी तोंडी नको, लेखी घ्यावी. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या अलीकडचा असावा. लॅपटॉप घेतांना रॅम पुढें वाढवितां येते कीं ती पट्टीवरच डाखलेली आहे, हें विचारावें. विचारण्यास पैसे पडत नाहींत! २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले. तेव्हां गेल्या वर्षींच्या भावावर अंदाज बांधूं नये.

आतां दुसरी गोष्ट. वडिलांच्या हातचीं पत्रें वाळवीनें खाण्यापूर्वीं मीं संगणकांत टंकून ठेविलीं होतीं, एकंदर चाळीसएक. “बाबा, एक बाहेरची डिस्क घ्या, तिच्यावर नक्कल ठेवा,” असें मुलगा सांगत होता. यंत्र धांवतें आहे तर आणखी खर्च कशाला, असें मीं म्हटलें. २०२४ च्या पावसाळ्यांत ती एस.एस.डी. एका सकाळीं निमूटपणें मेली. जुनी हार्ड डिस्क मरण्यापूर्वीं पुष्कळदां टकटक तरी करते. हिनें तेंहि केलें नाहीं. माहिती परत मिळविणाऱ्यांनीं जी रक्कम सांगितली तींत दोन संगणक आले असते, आणि यशाची खात्री नव्हतीच.

आतां दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मी बाहेरच्या डिस्कवर नक्कल करतों आणि लगेच ती काढून कपाटांत ठेवतों. दुसरी नक्कल मुलाच्या घरीं असते. वडिलांच्या पत्रांपैकीं सात तेवढीं हातीं राहिलीं. तीं मीं पूर्वीं नागपूरला धाकट्या बहिणीकडे ई-मेलनें पाठविलीं होतीं.