शालेय मैदानावरचे गुरू : कै. रमाकांत आचरेकर
(व्याख्यानाचा मजकूर)



मुंबईच्या शालेय क्रिकेटचा विषय निघाला की हॅरिस व गाइल्स ढालींचे नाव येते आणि त्यांच्यापाठोपाठ आचरेकर सरांचे. सन १९३२ मध्ये जन्मलेले सर स्टेट बँकेत नोकरीला होते. प्रथम श्रेणीचा सामना त्यांच्या वाट्याला एकच आला. मात्र शिवाजी पार्कवर कामत मेमोरियल क्लब व शारदाश्रम शाळेच्या मुलांना घडविण्यात त्यांनी आयुष्य वेचले. मुंबई संघाच्या निवड समितीवरही त्यांनी काम केले.

फलंदाजी शिकविणारे अनेक असतात. मुलाला सामने मिळवून देणारा दुर्मीळ. सचिन तेंडुलकरला शाळा बदलण्याचा सल्ला सरांनीच दिला, कारण शारदाश्रमचा संघ बलवान होता. एका मैदानावर तो बाद झाला की सर त्याला स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर नेत. यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवून सांगत, जो बाद करील त्याचे नाणे. नाबाद राहिला तर सचिनचे. अशी तेरा नाणी त्याच्याकडे जमली. रुपयाचा एवढा किफायतशीर विनियोग कोणा व्यापाऱ्यालाही साधला नसेल!

एकदा सरांनी ठरविलेला सामना सोडून सचिन वानखेडेवर शाळेचा अंतिम सामना पाहायला गेला. सरांनी थप्पड मारली आणि सुनावले की, टाळ्या वाजवायला येऊ नकोस, लोकांनी तुझ्यासाठी वाजवाव्यात असे खेळ. ही शिक्षा आजच्या पालकांना रुचणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण वेळेचा हिशेब मुलाला त्या दिवशी कळला. सन २०१३ मध्ये निवृत्त होताना सचिनने सांगितले की, एकोणतीस वर्षांत सर एकदाही ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान, हॅरिस ढालीचा उपांत्य सामना, समोर सेंट झेवियर्स. सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची. उपाहाराच्या वेळी विनोदने सरांना दूरध्वनी केला. ३५०ला एकच धाव हवी होती. उत्तर आले : डाव घोषित करा. साडेतीनशेचा मोह शाळकरी मुलाला सोडायला लावणे सोपे नव्हते. पुढे त्याच सामन्यात विनोदने चेंडू हाती घेऊन सहा बळी मिळविले.

सरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० मध्ये पद्मश्री लाभली. २ जानेवारी २०१९ रोजी ते निवर्तले.

त्या भागीदारीच्या वेळी पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत एक मुलगा बसला होता, अमोल मुजुमदार. त्याची पाळी आलीच नाही. पुढे रणजीत धावांच्या राशी घालूनही भारताकडून खेळण्याची संधी त्याला लाभली नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या देवनारहून खाडीपलीकडच्या नेरुळच्या मैदानावर भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार होते.