घागर घेतलेला माणूस

मी आयुष्यात एकदाच नाटकात काम केलं आणि त्यात मला एकही वाक्य नव्हतं. कविसंमेलनात माइक न सोडणाऱ्या माणसावर ही वेळ यावी, याचा आमच्या घरात सगळ्यांना फार आनंद झाला होता.

गोष्ट २०२४ सालच्या मार्च महिन्यातली. वसईत आमच्या घरापासून जवळच एक चर्च आहे. तिथल्या तरुण मंडळींनी एक बेत आखला होता. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे शनिवारी २३ मार्चला, सगळ्या धर्मग्रामानं एकत्र जेवायचं आणि जेवता जेवता नाटक पाहायचं. नाटक येशूच्या शेवटच्या भोजनाचं. पण रंगमंच वेगळा नाही. प्रेक्षक पंगतीत, नटही पंगतीत, आणि नाटकात जे खातात तेच प्रेक्षकांच्या पानात. कूपन काढून सव्वादोनशे माणसं येणार होती. फादर माझ्या कविता वाचतात, असं ते म्हणतात. त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, सूत्रधाराचं निवेदन तुम्ही ओवीत लिहून द्या.

ओवी मला नवी नाही. आणि वसईच्या चर्चमध्ये मुसलमानानं ओवी लिहिण्यात आश्चर्य वाटायचंही कारण नाही. फादर स्टीफन्स जन्मानं इंग्रज. त्यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापलं गेलं. श्रीगोंद्याचे शेख महंमद त्याच सुमाराचे. ओवीनं दारात कुणाला जात विचारलेली नाही. मी हो म्हणालो. लिहायला बसताना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ जवळ ठेवलं आणि आमचं कुराणही. कुराणाच्या पाचव्या सूरेचं नावच ‘अल-माइदा’, म्हणजे वाढलेलं ताट, मांडलेलं दस्तरखान. हजरत ईसांचे साथी त्यांच्याकडे आभाळातून अन्न उतरवण्याची मागणी करतात, तो प्रसंग तिथे आहे. दोन्ही ग्रंथांत बारा जणांच्या पोटाचा विचार झालेला आहे, हे मला फार आवडलं.

लिहून झालं की माझं काम संपेल अशी समजूत होती. पण धर्मग्रामाच्या कामात एकदा पाऊल टाकलं की सुटका नसते. स्वयंपाकाच्या बैठकीला मी नुसता बसायला गेलो, तर पहिला वाद तिथेच सुरू झाला. एका मावशींचा इंद्याल सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. सणाला डुकराच्या मांसाचा इंद्याल त्यांच्याच हातचा. त्यांनी दोन मोठी पातेली गृहीत धरली होती. फादर म्हणाले, “मावशी, त्या रात्री इंद्याल चालणार नाही. प्रभू येशू यहुदी होते.” क्षणभर शांतता. मग मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “म्हणजे भाईंसारखंच?” मी म्हटलं, या एका बाबतीत तरी माझ्यासारखंच. मावशी दोन दिवस रुसल्या होत्या.

वल्हांडणाच्या जेवणात तीन गोष्टी लागतात असं ग्रंथात आहे : कोकराचं मांस, बेखमीर भाकर आणि कडू भाजी. मटण आमच्या ओळखीच्या खाटकाकडून आणायचं फादरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी न मागता. भाकरीवरून मात्र आम्ही खूप हसलो. बायबलातली ‘बेखमीर भाकर’ हे शब्द ऐकायला केवढे गंभीर वाटतात! खमीर न घालता केलेली. पण आपल्याकडे भाकरीत खमीर घालतं कोण? आपली रोजचीच भाकरी बेखमीर, चपातीही बेखमीर. खमीर आलं ते पोर्तुगिजांच्या पावातून. याच पावापायी कोकणात विहिरी बाटल्याच्या कथा अजून सांगतात. विहिरीत पाव पडला, गावानं ते पाणी प्यायलं आणि सगळं गाव ख्रिस्ती झालं! इतिहास एवढा सोपा नसतो, पण एका भाकरीत लोक केवढी भीती भरून ठेवू शकतात, ते या कथांवरून कळतं. त्या संध्याकाळसाठी सहाशे चपात्या पंधरा बायकांनी लाटल्या. त्या आपसात कादोडीत बोलत होत्या. मला निम्मं समजत होतं, आणि न समजणाऱ्या निम्म्यात माझं नाव दोनदा आलं.

कडू भाजीसाठी कुणी कारलं सुचवलं, कुणी मेथी. पाडवा तोंडावर आला होता, म्हणून एकानं कडुनिंबाचा कोवळा पाला आणला आणि तोच ठरला. गुलामीच्या दिवसांच्या आठवणीसाठी कडू खायचं असतं. शेजारी खजूर आणि सुक्या मेव्याची गोड चटणी. यहुदी घरांत ती मिसरमधल्या विटांच्या गाऱ्याची आठवण म्हणून ठेवतात. तिचं काम माझ्याकडे आलं, कारण रमजान चालू होता आणि आमच्या घरात खजुराची पेटी होतीच. चटणी वाटताना एक गोष्ट मनात येत राहिली. हे जेवण मुळात ज्यांचं, त्यांच्यातलं आमच्या पंगतीत कुणी नव्हतं. कोकणातले बेने इस्रायली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, मराठी बोलणारे यहुदी. १९४८ नंतर त्यातले बहुतेक इस्रायलला निघून गेले. एखादं म्हातारं माणूस जरी पंगतीला असतं, तरी आमच्या चटणीत काय चुकलं ते कळलं असतं.

बसायचं कसं, यावरही चर्चा झाली. मुलांच्या डोळ्यांपुढे लिओनार्दोचं चित्र होतं : लांब टेबल आणि सगळे एकाच बाजूला. मिलानमधल्या मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर ते चित्र काढलं आहे, ते १४९८च्या सुमाराला पूर्ण झालं. जेवणारे साधू आणि चित्रातले जेवणारे समोरासमोर. म्हणजे आमची कल्पना नवी नव्हतीच. पण त्या काळी त्या देशात लोक जमिनीलगत, गाद्यांवर रेलून जेवत. मी आमच्या घरातलं लांब दस्तरखान आणलं आणि मुलांना एका ताटाभोवती बसायला शिकवलं. पाय धुण्याचा प्रसंगही मीच बसवला, असं म्हटलं तरी चालेल. येशू होणारा मुलगा तांब्यातून धो धो पाणी ओतायचा, चिलमची तुडुंब भरायची. दिवसातून पाच वेळा वजू करणाऱ्याला एवढं तर येतंच. घोट्यापासून खाली, बोटांच्या बेचक्यांतून, अर्ध्या तांब्यात दोन्ही पाय. बारा जणांचे पाय दीड बादलीत धुऊन व्हायला लागले, तेव्हा फादरांनी टाळ्या वाजवल्या.

आता घागरीकडे येतो. येशू दोन शिष्यांना शहरात पाठवतात आणि सांगतात, पाण्याची घागर घेतलेला एक माणूस भेटेल, त्याच्या मागोमाग जा. तो ज्या घरात शिरेल तिथेच भोजनाची जागा. मार्क आणि लूक या दोघांनी हे लिहिलं आहे. अभ्यासक म्हणतात, पाणी भरणं बायकांचं काम, म्हणून घागर घेतलेला पुरुष गर्दीत चटकन ओळखू आला असता. त्याला नाव नाही. तो घर दाखवतो आणि गोष्टीतून नाहीसा होतो. फादर म्हणाले, हे काम तुम्ही करा.

मी लगेच हो म्हटलं नाही. आमच्यात पैगंबरांचं चित्र काढत नाहीत, सोंग घेत नाहीत. हजरत ईसा आमचेही पैगंबर. शिवाय त्यांच्या शेवटाबद्दलची आमची श्रद्धा चर्चच्या श्रद्धेपेक्षा वेगळी आहे. ते क्रुसावर मेले असं आम्ही मानत नाही. हा फरक ‘शेवटी सगळे एकच’ म्हणून पुसून टाकणाऱ्यांतला मी नाही. फादरही नाहीत. आमची मैत्री टिकली त्याचं तेही एक कारण असावं. मी थोरल्या भावाला विचारलं. ते म्हणाले, “वाढायला जा, भांडी घास, पण नाटकात कशाला?” दोन रात्री विचार केला. मग फादरांना सांगितलं, येशू समोर असतील त्या प्रवेशात मी थांबणार नाही. दोन शिष्यांना दारापर्यंत आणीन आणि मुदपाकखान्यात जाईन. फादर म्हणाले, “त्या माणसानं तेच केलं होतं.”

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सांगू की नको असं अजून वाटतं. तालमीच्या पहिल्या दिवशी भूमिका वाटताना यहूदाचं नाव निघालं. ते काम घ्यायला कुणी तयार होईना. तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, “भाईंना द्या की, दाढी तयारच आहे!” सगळे हसले. मीही हसलो. ते गृहस्थ वाईट नाहीत, आजारी माणसाला रात्री-अपरात्री गाडीत घालून नेणारे आहेत. पण ते वाक्य घशात माशाच्या काट्यासारखं राहिलं. बारा जणांत एक फितुर निघाला आणि त्याची किंमत त्याच्या सगळ्या जमातीनं युरोपात शतकानुशतकं मोजली. उरलेले अकरा जण आणि खुद्द येशूही त्याच जमातीचे होते, हे कुणी लक्षात घेतलं नाही. एकाचा हिशेब सगळ्यांच्या नावावर कसा मांडतात, हे आम्हा लोकांना पुस्तकात वाचावं लागत नाही. मी काही बोललो नाही. त्यांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. यहूदाचं काम शेवटी गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाकडे आलं. त्याची आजी म्हणे आठवडाभर त्याच्याशी बोलत नव्हती.

तो दिवस उजाडला. माझा बारावा रोजा. सकाळपासून स्वयंपाकघरात मटण शिजत होतं आणि मी चव बघू शकत नव्हतो. मावशींचा रुसवा गेला होता. मीठ बघायला त्या दुसऱ्याला हाक मारत आणि मला म्हणत, “तुम्ही वासावरून सांगा.” नाटक साडेसहाला सुरू व्हायचं होतं. कूपन हातात आलं तेव्हा पाहिलं, वेळ सात छापली होती. कुणी बदलली, का बदलली, मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळला. मी खजूर आणि पाणी घेऊन रोजा सोडला. धर्मशिक्षणाच्या वर्गात जाऊन नमाज पढलो. क्रूस दुसऱ्या भिंतीवर होता, पश्चिमेची भिंत नेमकी रिकामी होती. मग डोक्याला फडकं बांधलं आणि घागर उचलली.

घागर रिकामी घ्या, असं सगळ्यांनी बजावलं होतं. मीच हट्टानं पाण्यानं भरली, रिकाम्या घागरीनं माणूस खोटा चालतो म्हणून. पितळी घागर, दिवसभराचा उपास आणि पन्नाशी ओलांडलेली कंबर. पंगतीच्या मधल्या वाटेनं निघालो, अर्ध्यावर खांदा कलंडला आणि तांब्याभर पाणी पुढच्या ओळीतल्या एका बाईंच्या नव्या साडीवर. सव्वादोनशे माणसं हसली. माझ्या मागून येणारे पेत्र आणि योहानसुद्धा हसले. त्या बाई मात्र न चिडता म्हणाल्या, “जाऊ दे, परवा धुळवड आहेच.” दाराशी घागर टेकवली आणि मी नाटकातून नाहीसा झालो.

पुढचं मी आतून ऐकलं. माझ्या ओव्या ऐकल्या, पाय धुतानाचं पाणी ऐकलं, भाकर मोडताना एवढ्या लोकांत झालेली शांतता ऐकली. द्राक्षारसासाठी नाशिकच्या द्राक्षांचा ताजा रस होता. मी वाटपाचे पेले भरत होतो. तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि यहूदा आत आला. ग्रंथात तो जेवणाच्या मध्येच उठून बाहेर जातो आणि बाहेर रात्र असते. म्हणून हा मुलगाही मध्येच उठला होता. फक्त त्याच्या जेवणाचं काय, याचा विचार कुणीच केला नव्हता. नटांची पानं पंगतीत, वाढपी बाहेर, आणि त्याला आता परत पंगतीत जाता येईना. तो पोत्यावर बसला. डोळ्यांत काजळ घातलं होतं ते पुसून गालावर आलं होतं. म्हणाला, “चाचा, उठलो तेव्हा एक लहान पोरगं रडायला लागलं. माझ्याकडे बघून.”

मी काय बोलणार? मीही दोन खजुरांवर होतो. मावशींनी माझं ताट झाकून ठेवलं होतं, ते उघडलं, चार चपात्या आणखी घेतल्या आणि मध्ये ठेवलं. आमच्याकडे एका ताटात जेवायची रीत आहेच. तो आधी संकोचला, मग असा जेवला की मला हात आवरता घ्यावा लागला. बाहेर गाणं चालू होतं. मटण संपलं, कडुनिंबाचा पाला त्यानं बाजूला सारला. चटणी बोटानं पुसून खाल्ली आणि विचारलं, “चाचा, ते खजुराचं अजून आहे का?”

बघतो म्हणून उठलो. पातेलं घासायला गेलं होतं.