ज्याचे खाते त्याच्या नावे



कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानास उभे राहावयाचे म्हणजे बोनस, महागाईभत्ता किंवा बंद पडलेली गिरणी यांवरच बोलावयाचे, अशी एक समजूत आहे. आज आम्ही संगणकावरील खात्यांविषयी बोलणार आहो. आम्ही कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नाही. या विषयाचे जे काही ज्ञान आहे ते रात्री पुस्तके चाळून आणि दिवसा चौकशी अधिकाऱ्यांसमोर बसून मिळालेले आहे. परंतु नांदेड-लातूरकडच्या पतसंस्था, कारखाने आणि कचेऱ्या यांतून अलीकडे जी प्रकरणे आमच्याकडे येतात, त्यांत एक वाक्य वरचेवर भेटते : 'हे काम तुमच्या आयडीवरून झाले आहे, आता काय म्हणणे आहे ?' या वाक्याने माणसाची नोकरी जाते आणि अब्रूही जाते. तेव्हा हा आयडी म्हणजे काय, तो कोणी कोणास द्यावा आणि केव्हा काढून घ्यावा, हे यंत्रज्ञांवर सोपवून आपल्याला गप्प बसता येणार नाही.

१९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली रचावयास घेतली. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे आणि एकाने दुसऱ्याच्या दप्तरास हात लावू नये, अशी तिची व्यवस्था आहे. आपल्याकडे १९८३ साली बँक-व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि पुढे बँकांतून जे संगणक बसले त्यांतल्या पुष्कळांवर युनिक्स होती. तिच्याच वळणावर १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्स लिहिली, आणि आज मोठमोठ्या कचेऱ्यांचे सर्व्हर बहुधा तिच्यावरच चालतात.

या प्रणालीत प्रत्येक माणसास एक नाव आणि एक क्रमांक मिळतो. गिरणीत नावापेक्षा बिल्ल्याचा नंबर चाले, तसेच येथे आहे. यंत्र अधिकार ठरविते तो क्रमांकावरून. यांत शून्य हा क्रमांक निराळा. तो ज्याचा, त्यास कोणतेच दार बंद नाही. तो कोणाचेही दप्तर वाचतो, पुसतो, कोणाचाही परवलीचा शब्द बदलतो. या खात्याचे नाव रूट. गंमत अशी की शून्य क्रमांक दोन नावांनाही देता येतो. वरून साधे दिसणारे एखादे नाव आतून धनी असू शकते. म्हणून खात्यांची यादी तपासताना नावे वाचून भागत नाही, क्रमांकही वाचावे लागतात.

मोंढ्यातल्या आडत दुकानी पाहा. हमालास गोदामाचे दार, मुनिमास वह्या, मालकास तिजोरी. मालक तिजोरीची किल्ली कमरेला लावून फिरतो, पण दिवसभर तिजोरी उघडी ठेवून बसत नाही. बँकेच्या तिजोरीस तर दोन किल्ल्या, दोघांच्या हाती, हा फार जुना नियम. अशा बँकांतून परवलीचा शब्द मात्र चहासारखा हातोहात फिरतो ! साहेब जेवावयास गेले, शब्द कारकुनापाशी. ग्रामपंचायतीत सरपंचांच्या आणि ग्रामसेवकांच्या डिजिटल सहीचे डोंगल संगणक परिचालकाच्या खणात. ज्याचा पगार सर्वांत कमी, त्याच्या खणात सर्वांची सही. उद्या पैसे चुकीच्या खात्यात गेले तर कोणास धरतील, हे सांगावयास ज्योतिषी नको.

एका कचेरीतील प्रकरण आमच्यापुढे आले होते. चौघे लिपिक एकाच खात्यावरून काम करीत. खाते उघडले होते त्यांतल्या एकाच्या नावे, आणि तो तर बदली होऊन दुसऱ्या गावी गेलेला. खाते तसेच चालू. नोंदींत फेरफार झाल्याचे उघड झाले तेव्हा आरोपपत्र निघाले ते त्या गेलेल्या माणसावर. आम्ही बचाव प्रतिनिधी म्हणून त्या दिवसाचा हजेरीपट मागविला. त्यावर दुसऱ्या गावची सही होती. माणूस सुटला. परंतु तोवर चौदा महिने अर्ध्या पगाराच्या निर्वाहभत्त्यावर त्याचे घर चालले होते, आणि शेजारीपाजारी तो 'पैसे खाल्लेला' म्हणून ओळखला जात होता. ते चौदा महिने त्याला कोणत्या निकालपत्राने परत मिळणार ?

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास येथे आठवण्यासारखा आहे. बदली कामगाराला काम मिळे ते जॉबरच्या मर्जीने. आज घेईल, उद्या हाकलील, मध्ये हात ओले करावे लागतील. १९३५ साली बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली. ती मालकांनी आपल्या सोयीसाठी काढली हे खरेच, आणि जॉबरशाही तिने एका दिवसात संपली असेही नाही. तरी कामगाराच्या हाती त्याचा स्वतःचा कागद आला. संगणकावरील स्वतंत्र खाते हा तसाच कागद आहे. व्यवस्थापन त्याकडे पाळतीचे साधन म्हणून पाहते. आम्ही त्याकडे कामगाराची पावती म्हणून पाहतो.

आता रूटची गोष्ट. युनिक्समध्ये 'सू' नावाची एक आज्ञा आहे. रूटचा परवलीचा शब्द ठाऊक असेल तर माणूस तिच्यावाटे रूट होतो. पाचजण असे आत गेले म्हणजे पुढचे सारे काम रूटने केले अशीच नोंद पडते. कोणत्या हाताने केले, ते सहज कळत नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील बफेलोच्या विद्यापीठात 'सुडो' नावाची दुसरी आज्ञा तयार झाली. तिच्यात माणूस आपलाच परवलीचा शब्द देतो, नेमून दिलेले तेवढेच काम वरच्या अधिकाराने करतो, आणि कोणी, केव्हा, काय केले याची नोंद राहते. रात्रपाळीच्या मुलाला छपाईयंत्र पुन्हा सुरू करावयाचे असेल तर तेवढीच परवानगी त्याला द्यावी. साऱ्या वाड्याची किल्ली कशाला ? मात्र परवानग्यांची ही यादी जपून लिहावी लागते. 'सर्व काही चालेल' असे एका ओळीत लिहून मोकळे होणारे महाभाग आहेत. तसे केले म्हणजे सुडो असून नसल्यासारखी.

अधिकार एका हाती किती दिवस राहावा ? २०१८ च्या फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेचे प्रकरण बाहेर आले. रक्कम पुढे १३,००० कोटी रुपयांच्या वर गेली. परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्ट या यंत्रणेवरून गेले, आणि बँकेच्या मुख्य संगणकात त्यांची नोंदच नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा जोडलेल्याच नव्हत्या. नेहमीच्या बदल्यांचा नियम असताना एक अधिकारी त्याच जागी वर्षानुवर्षे राहिला. यावर यंत्रज्ञ म्हणतील, यंत्रणा जोडा. जोडाव्यातच. पण बदलीचा साधा नियम पाळला असता तर दुसरा माणूस त्या खुर्चीवर कधीच बसला असता.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. यूबीएस पेनवेबर या दलाली पेढीतील एका यंत्रणा-प्रशासकास बोनस अपेक्षेपेक्षा कमी मिळाला. २००२ च्या फेब्रुवारीत त्याने नोकरी सोडली, आणि ४ मार्चला बाजार उघडताना त्याने आधीच पेरून ठेवलेल्या आज्ञेने शेकडो युनिक्स यंत्रांवरील दप्तरे पुसली. त्यास आठ वर्षांची शिक्षा झाली. बोनसचे भांडण आम्ही आयुष्यभर केले आहे. ते सनदशीर मार्गाने होते आणि तसेच झाले पाहिजे. येथे पाहावयाचे ते हे की माणूस गेला तरी त्याचे काम मागे राहते.

म्हणून कोणी नोकरी सोडली, निवृत्त झाला की नुसता परवलीचा शब्द बंद करून भागत नाही. दूरवरून आत येण्यासाठी युनिक्सवर शब्दाऐवजी किल्लीची फाईल चालते. शब्दाला कुलूप लावले तरी ती किल्ली पुष्कळदा लागतेच. त्याने ठरावीक वेळी आपोआप चालावीत म्हणून लावून ठेवलेली कामे वेगळी पाहावी लागतात. खाते घाईने पुसून तोच क्रमांक नव्या माणसाला दिला, तर जुन्याच्या साऱ्या फायली नव्याच्या मालकीच्या दिसू लागतात, आणि एकाच्या कृत्याचा जाब दुसरा देत बसतो. खाते आधी बंद करावे, फायली कोणाकडे जावयाच्या ते लिहून ठेवावे, मग सावकाश पुसावे. बदलीचेही तसेच. नांदेडच्या शाखेतून लातूरला आलेल्याचे नांदेडचे अधिकार त्याच दिवशी गेले पाहिजेत. ते तसेच राहिले तर तो माणूस दोन्हीकडे जबाबदार, आणि हजर मात्र एकाच ठिकाणी.

राहता राहिली नोंद. रूटला सर्व काही पुसता येते, त्यात ही नोंदवहीही आली. म्हणून तिची नक्कल त्याच क्षणी दुसऱ्या यंत्रावर जावी, आणि त्या यंत्राची किल्ली वेगळ्या माणसाकडे असावी. दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळलेली असावीत. घड्याळ वीस मिनिटे चुकले तर दुपारच्या सुटीत बाहेर गेलेला माणूस कागदावर यंत्रापुढे बसलेला दिसतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने घड्याळे जुळविणे आणि नोंदी १८० दिवस राखणे बंधनकारक केले आहे. दुसऱ्याचा परवलीचा शब्द कपटाने वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे अशी नोंद कोर्टात द्यावयाची तर सोबत प्रमाणपत्र लागते, आणि त्यात हॅश, म्हणजे त्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, द्यावा लागतो. मागाहून एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही.

खातेनिहाय चौकशीस पुरावा कायदा जसाच्या तसा लागत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. चौकशी अधिकारी छापील कागद पुढे टाकतो आणि तोच पुरावा मानतो. म्हणूनच पुढल्या करारात आम्ही हे कलम घालावयास सांगतो आहो : आरोपपत्र संगणकाच्या नोंदीवर उभे असेल तर ती मूळ नोंद, तिचा ठसा आणि त्या खात्यावर त्या दिवशी कोणाकोणाचा अधिकार होता त्याची यादी, हे सारे आरोपपत्राबरोबरच कामगारास मिळावे. आणि साहेबांनी आपला शब्द दुसऱ्याला द्यावयाचा असेल, तर तसा हुकूम लेखी द्यावा.