बिऱ्हाड कुठे करावे, पाहुण्यांना कुठे न्यावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. शाळा सातवीपर्यंत, पुढचे सारे या कोल्हापूरने शिकवले. आपल्या मंडळात दरवर्षी लग्न होऊन किंवा यजमानांच्या बदलीमुळे आलेल्या नव्या भगिनी येतात. त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. घर कोणत्या भागात पाहू? आणि पाहुणे आले तर जेवायला कुठे नेऊ? त्यांची उत्तरे मला जमतील तशी देते.

आधी घराचे. घर पाहावे ते भर पावसाळ्यात. उन्हाळ्यात सगळ्याच गल्ल्या छान दिसतात. आपली पंचगंगा आईसारखी खरी, पण फुगली की कोणाचे ऐकत नाही. शिवाय पाणी नदीच्याच बाजूने येते असेही नाही. गावातून जाणारा जयंती नाला पुराच्या फुगवट्याने मागे सरतो आणि जिथून नदी दिसतही नाही अशा घरात पाणी शिरते.

माझ्या धाकट्या नणंदेने शाहूपुरीच्या सखल भागात तळमजल्यावर बिऱ्हाड केले. तेव्हा घरमालक म्हणाले होते, "वहिनी, २००५ च्या पुरातसुद्धा इथे थेंब आला नाही." बोलणे खोटे नव्हते. पण ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. तिथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे, म्हणजे विचार करा! नणंदेच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर पाणी चढले. वर्षाची चटणी, गहू, मुलींची शाळेची प्रमाणपत्रे, सारे गेले. भिंती वाळून घर पुन्हा मांडते तोच जुलै २०२१ मध्ये तोच प्रकार.

म्हणून शाहूपुरी वाईट असे मी म्हणणार नाही. शाहू महाराजांनी व्यापारासाठी वसवलेली ती पेठ. स्टेशन, बाजार सारे हाताशी. पण एकाच पेठेत ही गल्ली कोरडी राहते आणि पलीकडची गळाभर पाण्यात जाते. तेव्हा पेठेचे नाव विचारू नका, गल्ली विचारा. घरमालकाला एकदा विचारा आणि शेजारच्या तीन घरी तीनदा. दूधवाल्याला विचारा, कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारा: "२०१९ ला पाणी कुठवर होते?" तो बोटाने भिंत दाखवील.

राजारामपुरी उंचावर, पण भाडे जड. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ म्हणजे जुने कोल्हापूर. रात्री-अपरात्री हाक मारा, तालमीची दहा पोरे धावून येतील. पण सणावाराला तितकाच दणदणाट. घरात आजारी माणूस किंवा परीक्षेचे मूल असेल तर विचार करावा. ताराबाई पार्कात झाडे, शांतता आणि रुंद रस्ते; मात्र शेजारीण दाराशी येऊन बसेल ही आशा कमीच. आणखी एक. २०१९ ला पाणीउपशाचे पंप बुडाले, तेव्हा कोरड्या घरांतही कित्येक दिवस नळाला पाणी नव्हते. तेव्हा आवारात विहीर किंवा बोअर आहे का, हेही पाहून घ्यावे.

आता जेवणाचे. खानावळीची पाटी पाहू नये, जेवणाच्या वेळची गर्दी पाहावी. गावातली माणसे बायकामुलांना घेऊन बसली असतील तर खुशाल आत जावे. आधी हात धुण्याची जागा आणि पाण्याचा पिंप पाहावा. तिथे स्वच्छता असेल तर आतही असेल.

परगावच्या लोकांना वाटते, कोल्हापुरी म्हणजे जाळ. तसे नाही. तांबड्या रश्शाला चव येते ती कांदा-लसूण चटणीची, रंगाच्या पुडीची नव्हे. पांढरा रस्सा म्हणजे मटणाचे पाणी, नारळाचे दूध, तीळ, खसखस. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना तोच आधी वाढायला सांगावे. मिसळ खावी ती सकाळी, कट ताजा असताना. बावडा, खासबाग, उद्यमनगर या भागांत ती नावाजलेली आहे. सोबत पाव म्हणून ब्रेडच्या कापा येतात, याचे पाहुण्यांना नवल वाटते! संध्याकाळी खासबागेत भेळ, आणि गंगावेशीत समोर पिळलेले म्हशीचे दूध. नवरात्रात मात्र अंबाबाईचे दर्शन झाल्यावर महाद्वार रस्त्याच्या रेट्यात म्हाताऱ्या पाहुण्यांना जेवायला थांबवू नये. गर्दीतून बाहेर पडून मग बसावे.

शेवटी एक सूचना करते. मंडळात एक वही ठेवावी. प्रत्येकीने आपल्या गल्लीपुरते लिहावे: पुराचे पाणी कोणत्या साली कुठवर आले, नळ किती वाजता येतो, जवळची खानावळ कशी आहे. घर दाखवणारा माणूस हे सांगणार नाही. त्याला घर खपवायचे असते. आपल्याला काही खपवायचे नाही. त्या वहीतल्या एका ओळीने एखाद्या नव्या सुनेचा संसार पाण्यात जायचा वाचला, तरी मंडळाचे हे वर्ष सार्थकी लागले असे मी समजेन.