फलाटावरचीं माणसें



ऑर्लांडो हें नांव आतां आपल्याकडील पांढरपेशा घरांतून चांगलेंच परिचयाचें झालें आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत नोकरीस असली, म्हणजे आईबापांची एक तरी वारी तिकडे होते. आणि वारी झाली, कीं नातवंडांबरोबर तेथील क्रीडोद्यानें पाहण्याचा योगहि बहुधा येतो. अशा वारकऱ्यांकडून समुद्रप्राण्यांच्या उद्यानांविषयीं दोन प्रकारचीं वर्णनें कानीं येतात. डॉल्फिन, पेंग्विन, शार्क यांच्याबद्दल बोलतांना त्यांचे डोळे चमकतात. पण तेथील रोलर कोस्टरचा, म्हणजे त्या उंच डोंगरगाडीचा, विषय निघाला कीं सूर बदलतो. "दीड तास उभे राहिलों आणि दोन मिनिटें बसलों," हें वाक्य ठरलेलें. त्याला जोडून दुसरें, "गाडी रिकामी उभी होती हो, पण सोडायला माणसेंच नव्हतीं." आज या दुसऱ्या वाक्याचा विचार करावयाचा आहे. कोणा एका उद्यानाला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करण्याचा माझा हेतु नाहीं. हा रोग सर्व धंद्याचा आहे.

हीं उद्यानें मुळांत निघालीं तीं प्राणी दाखविण्यासाठीं. फ्लॉरिडांत सेंट ऑगस्टीन गांवाजवळ १९३८ सालीं 'मरीन स्टुडिओज' नांवाची संस्था सुरू झाली. मोठाल्या कुंडांना खिडक्या बसवून समुद्रांतील जीव जिवंत दाखवावे आणि त्यांचीं चलचित्रेंहि घेतां यावीं, असा तिचा दुहेरी उद्देश होता. पुढें १९६४ सालीं कॅलिफोर्नियांत सॅन डिएगो येथें 'सीवर्ल्ड' उघडलें. तें काढणारे चौघे जण लॉस अँजेलिसच्या विद्यापीठाचे जुने विद्यार्थी. त्यांची पहिली कल्पना पाण्याखालीं उपाहारगृह काढण्याची होती, तें जमण्यासारखें दिसेना म्हणून त्यांनीं उद्यान काढलें. त्याच संस्थेचें ऑर्लांडोंतील उद्यान १९७३ सालचें. तेथें मुख्य आकर्षण होतें तें जलाशयांतील खेळांचें. भोंवतालच्या उतरत्या पायऱ्यांवर लोक बसत आणि पाण्यांत ऑर्का व डॉल्फिन उड्या मारीत.

या व्यवस्थेंत एक मोठी सोय होती, ती सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. अशा प्रेक्षागारांत हजारों माणसें एकाच वेळीं बसतात. खेळ अर्ध्या तासाचा असला तर तेवढा वेळ तीं सारीं माणसें रस्त्यांवरून आणि रांगांतून नाहींशीं होतात, आणि त्यांना बसविण्यास दाराशीं उभे असलेले थोडे सेवक पुरतात. पाण्यांतली उडी एकाला दिसते तशीच हजारांना दिसते. रोलर कोस्टरचें तसें नाहीं. पंगतींत पळीपळीनें तूप वाढावें, तशी ती माणसें अठ्ठावीस-अठ्ठावीस, बत्तीस-बत्तीस अशीं घेते. आणि वाढावयास हात लागतात.

खेळाकडून गाडीकडे हीं उद्यानें कां वळलीं, यास कारणें अनेक. ऑर्काला कोंडून ठेवणें योग्य कीं अयोग्य हा वाद 'ब्लॅकफिश' या २०१३ सालच्या अनुबोधपटानें घरोघर नेला, आणि मार्च २०१६ मध्यें सीवर्ल्डनें ऑर्कांची पैदास बंद करीत असल्याचें जाहीर केलें. माझ्या मतें तें योग्यच झालें. मात्र प्राण्यांच्या जोडीला यंत्रें येण्यास जो आरंभ आधींच झाला होता, त्यास यानंतर जोर चढला. ऑर्लांडोंत 'क्राकेन' ही गाडी २००० सालीं, 'मांटा' २००९ सालीं आणि 'माको' २०१६ सालीं आली. पुढें २०२२, २०२३ आणि २०२४ या लागोपाठच्या तीन सालीं आणखी तीन. नांवें समुद्रांतलीं, काम लोखंडाचें! माको दोनशें फूट उंच चढते आणि ताशीं ७३ मैल वेगानें धांवते. क्राकेन, मांटा आणि माको या तिन्ही स्वित्झर्लंडमधील बॉलिगर आणि माबियार या एकाच कारखान्याच्या. आपल्याकडे खोपोलीजवळ इमॅजिका उद्यानांत २०१३ सालीं उभारलेली 'नायट्रो' हीहि त्याच कारखान्याची. तेव्हां तिच्यांत जे बसले असतील त्यांना पुढील वर्णन ओळखीचें वाटेल.

माकोच्या एका गाडींत २८ आसनें असतात. उदाहरणादाखल धरा, कीं दर दीड मिनिटाला एक गाडी सुटली. म्हणजे तासाला ४० गाड्या, ११२० माणसें. तेंच अंतर तीन मिनिटांचें झालें तर २० गाड्या, ५६० माणसें. चार मिनिटांचें झालें तर १५ गाड्या आणि ४२० माणसें. आतां रांगेंत तुमच्यापुढें ८४० माणसें उभीं आहेत अशी कल्पना करा. पहिल्या प्रकारांत तुमची पाळी ४५ मिनिटांत येते, दुसऱ्यांत दीड तासानें, तिसऱ्यांत दोन तासांनीं. रांग तीच, रूळ तेच, धांवण्याचा वेग तोच, तिकिटाचा दर तोच. वाढलीं तीं फलाटावरचीं दीड-अडीच मिनिटें. रांगांच्या या शास्त्राचा पाया डेन्मार्कमधील एर्लांग नांवाच्या गणितज्ञानें कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत काम करतांना घातला; त्याचा पहिला निबंध १९०९ सालचा. उभीं असलेलीं माणसें, सुटण्याचा दर आणि थांबण्याचा काळ यांचा जो संबंध मीं आतां वापरला, त्याची सिद्धता अमेरिकेंतील जॉन लिटल यांनीं १९६१ सालीं दिली. आपल्या दृष्टीनें मात्र तें साधें त्रैराशिक आहे.

मग फलाटावर होतें तरी काय? गाडी येऊन थांबते. बसलेले लोक एका बाजूनें उतरतात आणि कप्प्यांतून आपल्या टोप्या, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या शोधूं लागतात. (हा शोध किती वेळ खातो, हें आपल्या देवळाबाहेर चपला शोधणाऱ्यांस सांगावयास नको.) दुसऱ्या बाजूचीं दारें उघडून नवे लोक आंत येतात. प्रत्येकाच्या मांडीवर किंवा खांद्यांवरून दांडा खालीं येतो. कोठें पट्टाहि असतो. त्यानंतर सेवक गाडीच्या कडेनें चालत जाऊन एकेक दांडा हातानें ओढून, दाबून पाहतात. शेवटचें आसन पाहून झालें कीं अंगठा वर करून खूण होते, आणि नियंत्रणाच्या जागीं बसलेल्या माणसास ती पोंचल्यावरच गाडी सुटते. क्राकेनमध्यें प्रवाशाच्या पायांखालीं तळ नसतो, म्हणून गाडी सोडण्यापूर्वीं फलाटाची जमीनच बाजूला सारावी लागते. मांटामध्यें तर माणूस जमिनीकडे तोंड करून उडत जातो. त्यासाठीं सर्वांना बसवून, बांधून, मग आसनें उचलून आडवीं करावीं लागतात.

या कामास गाडीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसें असलीं तर तपासणी चटकन् उरकते. एकच माणूस असला तर तो या बाजूनें जातो, वळसा घालतो आणि त्या बाजूनें परत येतो. शिवाय रांगेच्या तोंडाशीं "तुम्हीं किती जण?" असें विचारून ओळी भरणारा एक माणूस लागतो. त्याला प्रथम काढतात, कारण त्याच्यावांचून गाडी अडत नाहीं. ती अडत नाहीं हें खरें. पण तिघांचें कुटुंब चौघांच्या ओळींत बसतें, दोघे मित्र दुसरी ओळ धरतात, आणि अठ्ठावीस आसनांची गाडी बावीस माणसें घेऊन जाते. आधींच तासाला गाड्या कमी, त्यांतून त्या अर्धवट भरलेल्या.

दुसऱ्या गाडीचें कोडेंहि येथेंच सुटतें. आगगाडीच्या मार्गाप्रमाणें या रुळाचेहि खंड पाडलेले असतात. पुढची गाडी खंडांतून बाहेर पडल्यावांचून मागची आंत शिरूं शकत नाहीं. फलाटावर विलंब झाला कीं दुसरी गाडी परतून येते आणि फलाटाबाहेर ब्रेकांवर, प्रवाशांसकट, उभी राहते. असें रोज होऊं लागलें कीं व्यवस्थापक म्हणतो, दुसरी गाडी हवीच कशाला? ती बाजूच्या छपराखालीं जाते. मग एकच गाडी उरते. ती धांवत असतांना फलाटावरचे सेवक हात बांधून उभे, आणि ती फलाटावर असतांना साडेचार हजार फुटांहून लांब रूळ रिकामा! कधीं कधीं यास रास्त कारणहि असतें. वर्षाकाठीं प्रत्येक गाडी सुटी करून तपासावी लागते, आणि त्या मुदतींत एकाच गाडीवर भागवावें लागतें. पण ऐन सुटीच्या दिवसांत तसें दिसलें, तर तें कारण सहसा नसतें.

कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका उद्यानांत मी नातीबरोबर रांगेंत होतों. उद्यानाचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं. शाळेंत चाळीस वर्षें घंटेवर काढल्यामुळें हात घड्याळाकडे गेला. दहा गाड्या मोजल्या. सर्वांत लौकर सुटली तिला तीन मिनिटें लागलीं, सर्वांत उशिरा सुटली तिला पांचांहून अधिक. फलाटावर एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी एकटी दोन्ही बाजूंना फिरत होती. घामानें डबडबलेली, जाण्याच्या वाटेवर पुन्हां पुन्हां तींच वाक्यें म्हणून आवाज बसलेला. आमच्यामागचे एक गृहस्थ तिच्यावर मोठ्यानें खेंकसले. तिनें वळून पाहिलें नाहीं. हातांतला दांडा पुरता ओढून पाहिला, मग पुढच्याकडे गेली. माझी नात त्याच गाडींत बसावयाची होती, म्हणून असेल, पण त्या मुलीनें घाई केली नाहीं याबद्दल मला त्या क्षणीं फार बरें वाटलें. अपुरीं माणसें ठेवल्यानें होणारा खरा धोका हाच, कीं रांगेचा सगळा रोष ज्या हातांवर येतो, तपासणी पुरी व्हावी म्हणून तेच हात सावकाश चालले पाहिजेत.

माणसें कमी कां, याचें उत्तर "मिळत नाहींत" असें दिलें जातें. त्यांत तथ्य आहे. मार्च २०२० मध्यें साथीमुळें हीं उद्यानें बंद झालीं, तेव्हां सीवर्ल्डच्या मूळ कंपनीनें नव्वद टक्क्यांहून अधिक नोकरांना बिनपगारी घरीं बसविलें. इतरांनींहि कमीअधिक तेंच केलें. करमणुकीच्या धंद्यांतून त्या काळांत बाहेर पडलेलीं पुष्कळ माणसें परतलीं नाहींत. त्यांत ऑर्लांडो हें असें गांव, कीं तेथें नोकरास पर्याय भरपूर. डिस्नेचें उद्यान १९७१ पासून, युनिव्हर्सलचें १९९० पासून, आणि मे २०२५ मध्यें युनिव्हर्सलनेंच 'एपिक युनिव्हर्स' हें आणखी एक उघडलें. फ्लॉरिडाच्या मतदारांनीं २०२० सालीं किमान वेतन टप्प्याटप्प्यानें वाढविण्याचा निर्णय दिला. त्याप्रमाणें ३० सप्टेंबर २०२१ रोजीं तें ताशीं १० डॉलर झालें, पुढें दरसाल एक डॉलरची वाढ, आणि ३० सप्टेंबर २०२६ हा १५ डॉलरांचा दिवस ठरला. मालकास हा बोजा वाटतो. भर उन्हांत, आठ तास उभ्यानें, शिव्या खात काम करणाऱ्यास तो बोजा वाटण्याचें कारण नाहीं.

पण "मिळत नाहींत" यापुढें "ठेवीत नाहींत" असाहि एक भाग आहे, आणि तो हिशेबाच्या वहींतून उपजतो. फलाटावरील चौथ्या माणसाचा पगार वहींत खर्चाच्या बाजूस स्पष्ट दिसतो. रांगेंतील आठशें माणसांचे वायां गेलेले तास कोणाच्याच वहींत लिहिले जात नाहींत. तिकिटाचे पैसे तर सकाळींच गल्ल्यांत पडलेले असतात.

याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे जलद रांगेची विक्री. वेगळे पैसे भरा आणि आडवाटेनें पुढें जा. डिस्नेनें १९९९ सालीं अशी सोय प्रथम फुकट दिली होती. २०२१ पासून तिचे पैसे पडूं लागले. सीवर्ल्डमध्यें तिला 'क्विक क्यू' म्हणतात. यावर कोणी म्हणेल, आगगाडींत पहिला वर्ग असतोच कीं! पण पहिल्या वर्गाचा डबा वेगळा जोडलेला असतो. त्याच्यामुळें इतरांचीं आसनें कमी होत नाहींत. येथें डबा तोच. मघांच्या उदाहरणांत तासाला ५६० माणसें जात होतीं; त्यांतलीं २०० जलद रांगेंतलीं असलीं तर इतरांस ३६० आसनें उरतात, आणि त्या ८४० माणसांचा दीड तास दोन तास वीस मिनिटांवर जातो. म्हणजे रांग जितकी रखडेल तितकी आडवाटेची किंमत चढेल. कोणी मुद्दाम रखडवितो असें मी म्हणत नाहीं. पण ज्या दुखण्यावरचें औषध आपणच विकतों, तें दुखणें बरें करण्याची घाई कोणत्या वैद्यास असते?

जे यंदा उन्हाळ्यांत तिकडे जाणार असतील त्यांच्या उपयोगी पडेल असें थोडें सांगतों. फ्लॉरिडांत त्या ऋतूंत दुपारनंतर विजांचीं वादळें येतात, आणि वीज जवळ आली कीं उघड्यावरच्या गाड्या थांबवितात. म्हणून डोंगरगाडी सकाळीं, दारें उघडतांच, आणि प्राणी व खेळ दुपारीं, असा क्रम ठेवावा. हातांत पिशवी नेऊं नये. दाराच्या फलकावरील मिनिटांवर विसंबण्यापेक्षां रांगेंत शिरण्यापूर्वीं बाहेरच उभें राहून घड्याळ लावून दोन गाड्या सुटतांना पाहाव्या. एक गाडी फलाटावर असतांना दुसरी चढावर किंवा रुळावर दिसते कीं नाहीं, तें पाहावें. नुसती एकच दिसली, आणि दोन सुटण्यांमध्यें चार मिनिटांचें अंतर पडलें, तर नातवंडांचा हात धरून सरळ पेंग्विनांकडे जावें. तेथें थंडावाहि असतो.