ब संघातले तीन शनिवार
(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण सकाळपासून इथे प्रत्येकाने मला ‘डावा कोपरा’ म्हणूनच हाक मारली. म्हणून कबड्डीवरच बोलते.

आठवतंय ना, आपल्या खेळाच्या सरांनी मुलींचे अ आणि ब असे दोन संघ केले होते. अ संघ बारा जणींचा, सात मैदानात आणि पाच राखीव. उरलेल्या ब मध्ये. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मैदानावर पाणी मारायचं, फक्की टाकायची आणि दोन्ही संघांचा सामना.

नववीत नारायणगावला तालुक्याचा सामना माझ्यामुळे हातचा जाता जाता वाचला. चढाईवाली निदान रेषेपर्यंत यायच्या आतच मी घोट्यावर झेपावायचे आणि ती मला शिवून परत जायची. तीनदा बाद झाले. सोमवारी सरांनी मला ब संघात टाकलं. घरी येऊन मी आईला सांगितलं, “कबड्डी बंद.”

पण सर एवढंच बोलून थांबले नव्हते. “पकड चांगली आहे, घाई वाईट आहे. ती पाठ फिरवेपर्यंत हलायचं नाही, एवढंच शिक. चौथ्या शनिवारी मी बघतो.” ब संघात अ च्या चांगल्या चढाईवाल्या समोर मिळायच्या आणि चुकलं तरी शाळा हरत नव्हती. चौथ्या शनिवारी सर खरंच वही घेऊन उभे राहिले. जिल्ह्याला आंबेगावच्या मुलींसमोर मी पुन्हा डाव्या कोपऱ्यावर होते.

एका मैत्रिणीला मात्र सरांनी स्पष्ट सांगितलं, “कबड्डी तुला जमणार नाही, लांब उडी कर.” तिला वाईट वाटलं, पण तिचं वर्ष वाया गेलं नाही.

आमच्या क्षेत्रातही राखीव असतात. प्रोजेक्ट नसलेल्यांना ‘बेंचवर’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी मी एका हुशार मुलाला प्रोजेक्टवरून काढून बेंचवर बसवलं. म्हटलं, “नंतर बघू.” ते नंतर आलंच नाही. दोन महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. जाताना एकच विचारलं, “मॅडम, मी नक्की काय सुधारायचं होतं?” माझ्याकडे उत्तर होतं, पण मी ते वेळेवर दिलं नव्हतं. त्या रात्री मला सरांची वही आठवली. तेव्हापासून कुणालाही बाजूला करताना कारण आणि तारीख, दोन्ही सांगते. जमणारच नसेल तर तेही सांगते.

प्रो कबड्डीत नवोदित तरुणांना आधी संघासोबत ठेवून तयार करतात. शेजारच्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार पुणेरी पलटणमध्ये असाच वर आला. १ मार्च २०२४ रोजी त्याच्याच नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. ती बातमी वाचताना मला आपलं शनिवारचं मैदान दिसत होतं.

सर, तुम्ही समोर बसला आहात. रडत घरी गेलेली ती मुलगी तुम्हाला आभार म्हणायची राहिली होती, ते आज म्हणते.

आणि एक विनंती. आपल्या जुन्या फोटोत फक्त अ संघ आहे. जेवणाआधी मैदानावर शिवनेरीकडे पाठ करून पुन्हा फोटो काढू. या वेळी ब संघाने पुढे बसायचं.