टॉवेल, पंचनामा आणि उलटतपास



1959 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरचा खुनाचा खटला उभा राहिला. मयत प्रेम आहुजा नुकताच न्हाऊन आला होता, अंगावर फक्त टॉवेल होता. बचाव असा की, रिव्हॉल्व्हरसाठी झटापट झाली आणि गोळ्या चुकून सुटल्या. त्यावर सरकार पक्षाने टॉवेलकडे बोट दाखवले. तीन जखमा होऊन माणूस कोसळला, तरी टॉवेल कमरेला तसाच होता. एवढ्या झटापटीत तो सुटला कसा नाही?

नऊ ज्युरींपैकी आठ जणांनी आरोपीला निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटले नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे झालेली जन्मठेप 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. गुन्हा शाबीत करण्याचा बोजा सरकार पक्षावरच असतो. पण अपघाताचा अपवाद मागणाऱ्याने त्याला आधारही दिला पाहिजे, हे त्या निकालाने स्पष्ट केले. पत्नीचे आहुजाशी संबंध असल्याचे कळल्यावर रागाच्या भरात घडल्याचा पर्यायी युक्तिवादही टिकला नाही. दुपारी दीडच्या सुमारास घर सोडलेला आरोपी आहुजाच्या शयनगृहात पोचला तेव्हा चार वाजून गेले होते, आणि मधल्या वेळात त्याने जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतले होते.

ज्युरी गेले. नाट्य मात्र सिनेमात उरले आणि लोकांना खटला म्हणजे तेच वाटते. प्रत्यक्षात बचाव पक्ष स्वतःचे साक्षीदार क्वचितच आणतो. त्याचा बहुतेक पुरावा सरकारी साक्षीदारांच्याच तोंडून, उलटतपासात बाहेर येतो.

साक्षीदार पिंजऱ्यात सांगतो, आरोपीच्या हातात कोयता पाहिला. पोलीस जबाबात कोयताच नाही. वकील विचारतो, हे पोलिसांना सांगितले होते का? उत्तर तालुक्यातालुक्यात एकच: "सांगितलं होतं, त्यांनी का लिहिलं नाही ते सांगता येणार नाही." नवखा वकील इथे समाधानाने खाली बसतो. पण तपासी अंमलदार साक्षीला आल्यावर त्याच्याकडून ती उणीव शाबीत करून घ्यावी लागते. ते राहिले, तर अंतिम युक्तिवादात कितीही आवाज चढवला तरी उपयोग नाही.

सरकार पक्षाची बाजू अशीच पंचनाम्यात ढासळते. पंच येतो आणि म्हणतो, कागद आधीच लिहिलेला होता, पोलिसांनी सांगितले म्हणून सही केली. आरोपीने दाखवून दिलेल्या हत्याराचे निवेदन त्याच्याच शब्दांत, पंचांसमोर नोंदवले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये रामानंद प्रकरणात पुन्हा बजावले. ठाण्यात बसून एकाच साच्यात लिहिलेली निवेदने खऱ्या गुन्हेगाराला सोडवतात. मयताच्या घरच्यांवर हा केवढा अन्याय!

न्यायालयाचेही काम असते. आरोपीचा खुलासा, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम 313, वेळ वाचवण्यासाठी उरकला जातो. पुण्याच्या सारडा खटल्यात 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जी परिस्थिती आरोपीला विचारलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही.

ही तांत्रिकता नव्हे, माणसाचे प्राण तिच्यावर टांगलेले असतात. मध्य प्रदेशात खंडव्याला 2013 मध्ये एका तरुणावर आरोप ठेवला त्याच दिवशी त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला. दोन आठवड्यांच्या आत फाशीची शिक्षा झाली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितले. फाशी किंवा जन्मठेपेच्या शक्यतेच्या खटल्यात असा वकील किमान दहा वर्षे अनुभवाचा हवा आणि तयारीला किमान सात दिवस मिळावेत, असेही बजावले. फेरसुनावणीत पुन्हा फाशी झाली. मग डीएनए तज्ज्ञांची साक्ष आणि उलटतपास व्हावा म्हणून उच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवले. 2024 मध्ये तो निर्दोष सुटला.

अकरा वर्षे. डीएनए अहवाल लिहिणाऱ्या तज्ज्ञाला पहिल्याच खटल्यात प्रश्न विचारायला हवे होते. जिल्हा वकील संघांनी विधी साहाय्याच्या यादीतल्या वकिलांना अशा उलटतपासासाठी तयार करावे, आणि दोषारोपपत्राची पूर्ण प्रत व सात दिवस मिळाल्याशिवाय त्यांनी गंभीर खटल्यात उभे राहू नये, असा ठराव या परिषदेने करावा.